पाचांपैकी सात

पाचांपैकी सात गुण मिळू शकतात काय, असा प्रश्न मला एकदा भर वर्गात विचारण्यात आला. विचारणारा विद्यार्थी शेवटच्या बाकावरचा. तेव्हा तो गणितात कच्चा असावा असे समजून मी दुर्लक्ष केले. मी राहतो शहापुरास आणि मराठी शिकवतो मुरबाडास. शिकवतो म्हणजे, खरे सांगायचे तर, उत्तरपत्रिका तपासतो. इतक्या वर्षांत पाचांपैकी पाच मी कोणाला दिल्याचे स्मरत नाही. मराठीच्या परीक्षकाचा हात साडेतीनापाशी आखडतो. खुद्द ज्ञानेश्वर परीक्षेला बसले तरी 'दृष्टान्त फार' असा शेरा मारून आम्ही त्यांना चारावर थांबवू. तेथे सातांची काय कथा!

पण मुलगा चेष्टा करीत नव्हता. त्या तासाला मी रसचर्चा शिकवीत होतो. शेवट ठाऊक असलेल्या नाटकातही प्रेक्षक रमतो कसा, हा मुद्दा होता. त्यावरून त्याला टीव्हीवरची झगमगीत कुस्ती आठवली. तास संपल्यावर त्याने मला व्हरांड्यात गाठले आणि माझे अज्ञान दूर केले. अमेरिकेत डेव्ह मेल्टझर नावाचे एक पत्रकार आहेत. 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' हे त्यांचे वार्तापत्र. त्यात ते कुस्त्यांना तारे देतात. पाच तारे म्हणजे शिखर, अशी सगळ्यांची समजूत. परंतु २०१७ च्या जानेवारीत टोकियोला ओकाडा आणि ओमेगा यांची जी कुस्ती झाली तिला त्यांनी सहा तारे दिले, आणि २०१८ च्या जूनमध्ये ओसाकाला त्याच जोडीला सात! जगभरचे शौकीन त्यावर हमरीतुमरीवर आले. आणि गंमत अशी, की या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे भांडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

"म्हणजे तारे जिंकणाऱ्याला नसतात, सर. कुस्तीला असतात," मुलगा म्हणाला. आमच्या रससिद्धान्तावरील तासाभराच्या व्याख्यानापेक्षा हे वाक्य बरे होते, हे मी मनातल्या मनात कबूल केले.

या विषयात मी अगदीच ढ होतो असे नाही. आमच्या शाळेच्या दिवसांत पैलवानांच्या पत्त्यांचे वेड होते. ट्रम्प कार्ड म्हणत. पत्त्यावर पैलवानाचे चित्र आणि खाली त्याचा क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड. मधल्या सुट्टीत त्या आकड्यांवरून खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या होत. आमच्या आजोबांनी तरुणपणी मुंबईस जाऊन दारासिंग आणि किंगकाँग यांची कुस्ती पाहिली होती. टीव्हीसमोर आम्ही आरडाओरडा करू लागलो की ते पानाला चुना लावता लावता एकच शब्द उच्चारीत, "नुरा!" नुरा म्हणजे संगनमताची कुस्ती. मात्र दारासिंगाच्या बाबतीत हा शब्द उच्चारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

आज वाटते, आजोबा थोडे कठोरच होते. आमच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगे नाचतात. राक्षस शेवटी मरणार हे ठरलेले आहे, म्हणून कोणी घोंगडी झटकून घरी जात नाही. कोणाचे सोंग अधिक रंगले यावर मात्र पुढे आठवडाभर वाद चालतो. मेल्टझरसाहेब करतात ते याहून फारसे निराळे नसावे.

आपल्या मातीतल्या कुस्तीची गोष्ट वेगळी. तेथे पाठ टेकली की टेकली. तारे कशाला हवेत? असे मी २०२३ च्या जानेवारीपर्यंत समजत होतो. त्या महिन्यात पुण्याच्या 'महाराष्ट्र केसरी'त माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांना बाहेरची टांग लावली. पंचांनी चार गुण दिले आणि सारा महाराष्ट्र परीक्षक झाला. प्रतिस्पर्ध्याला नुसते खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण. टाकतानाच त्याची पाठ थेट धोक्यात आली तर चार. म्हणजे शेख यांचा खांदा त्या क्षणी किती वळला होता, एवढ्याच कोनाचा हा प्रश्न. शहापूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर तो पंधरा दिवस चर्चिला गेला. मोबाइलवर तोच क्षण पुढे-मागे करून पाहण्यात आला. अखेर एका निवृत्त कंडक्टरांनी टपरीवाल्याच्या पुतण्याला बाहेरची टांग प्रत्यक्ष लावून दाखवली. पुतण्या वाचला, बाक मोडला. गुणांचा निकाल लागला नाही. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला शिवराज राक्षे यांनी, आपली पाठ टेकलीच नव्हती असे म्हणत, पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. तेव्हा टपरीवाल्याने चर्चेपूर्वीच बाक आत नेऊन ठेवला.

अशा वातावरणात आमच्या एका संपादक मित्राने, आपल्या स्थानिक साप्ताहिकासाठी एका जत्रेतल्या कुस्त्यांचे वृत्त लिहून द्या, अशी गळ घातली. मराठीच्या प्राध्यापकाला हे आव्हानच होते. शड्डू, खडाखडी, डावपेच, धोबीपछाड, चीतपट, अस्मान दाखवणे हे सगळे शब्द कुस्तीचे; पण वर्तमानपत्रांत ते राजकारणाच्या पानावर राबतात आणि खऱ्या कुस्तीला चार ओळी मिळतात. ही उणीव भरून काढायचे मी ठरवले. शेवटच्या बाकाचा आदर्श पुढे ठेवून प्रत्येक कुस्तीला तारेही द्यायचे ठरवले. "तुम्हांला कुस्तीतले काय कळते?" असे हिने विचारले. समीक्षकाला डाव यावा लागत नाही, असे मी उत्तर दिले. आमच्या धंद्याचे ते पहिलेच सूत्र आहे.

जत्रेच्या गावाचे नाव सांगत नाही. मला अजून तेथून जावे-यावे लागते. पौषातली म्हसेची मोठी जत्रा नुकतीच उरकली होती आणि गावोगावच्या लहान जत्रा सुरू झाल्या होत्या. हलगी कडकडत होती. आरंभी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या. एका विजयी वीराने आपल्या रेवड्या रडणाऱ्या पराभूताबरोबर वाटून खाल्ल्या, म्हणून त्या कुस्तीला मी पाच तारे दिले. एका ढाकेला चार, एका कलाजंगाला साडेचार. शेवटून दुसरी कुस्ती मात्र बरोबरीत सुटली. एक दांडगा पैलवान आणि एक किरकोळ पोरगा, पंचवीस मिनिटे एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे, नाही तर पोरगा पालथा आणि दांडगा त्याच्या पाठीवर. मी लिहिले, 'दोघेही एस.टी.ची वाट पाहत होते. एस.टी. आली नाही. अखेर पंचांना दया आली.' तारा अर्धा.

अंक निघाला आणि मी एका दिवसात प्रसिद्ध झालो. ढाकेला चारच का, म्हणून दोन गावे माझ्यावर रुसली. कमिटीच्या अध्यक्षांच्या सत्काराला तारे का नाहीत, अशीही पृच्छा झाली. परंतु सर्वांना आवडली ती एस.टी. तिचे वाक्य मोबाइलवरून मुरबाडपर्यंत गेले. टपरीवर शिरताच लोक विचारीत, "काय सर, आली का गाडी?" चहाचे पैसे मला आठवडाभर द्यावे लागले नाहीत.

आठव्या दिवशी टपरीवर एक म्हातारे वस्ताद माझ्यासमोर येऊन बसले. तरुणपणी गिरणीत होते, लालबागच्या तालमीत मेहनत करीत. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि गावी आले.

"मास्तर, जरा मान पुढे करा," ते म्हणाले.

मी केली. त्यांनी आपला पंजा माझ्या मानेवर ठेवला आणि नुसता दाबला. माझे कपाळ बशीला टेकले.

"आता पंचवीस मिनिटं अस्सं ऱ्हावा."

मी पंचवीस सेकंदही राहिलो नाही. मग त्यांनी सांगितले. पोराची नेमलेली जोड आलीच नव्हती. आयत्या वेळी समोर उभा राहिला तो वीस किलोने जड. त्याने तीनदा पट काढला, पोराने तिन्ही वेळा पाय मागे घेतला. वर बसून घिस्सा मारला, पोराने कंबर मातीत रोवली. "पोटावर पडला तो, पाठीवर नाय. त्याला निस्तं टिकायचं व्हतं, मास्तर. टिकला. तुमाला ते दिसलं नाय."

"पोरगा कोणाचा?" मी विचारले.

"तुमच्याच कालेजात हाय की."

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी प्रथमच मान वर करून पाहिले. त्रेचाळिसावा क्रमांक. टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरून येणारा, कधी न बोलणारा. आखाड्यात निवेदकाने तालमीतले टोपणनाव पुकारले होते, आणि लंगोटातला, तांबड्या मातीने माखलेला तो पोरगा मला ओळखू आला नव्हता. परंतु त्याचे दोन्ही कान पैलवानाचे, चेपून गठ्ठ झालेले. दीड वर्ष ते कान माझ्यासमोर बसत होते, आणि ते असे का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तासानंतर मी त्याला थांबवले. "तू कुस्ती खेळतोस हे सांगितले नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाय, सर."

"मी लिहिलेले वाचलेस?"

"वाचलं. घरी सगळ्यांनी वाचलं." तो थोडा थांबला. "भाषा चांगली होती, सर."

'भाषा चांगली' हा माझाच शेरा. उत्तरात काही नसले की मी तो मारतो.

बाकीचे शेवटच्या बाकाकडून कळले. चैत्रातल्या एका जत्रेत त्याची नेमलेली कुस्ती ठरली होती. फ्लेक्सवर त्याचा फोटो यायचा होता, पहिल्यानेच. अंक वाचल्यावर कमिटीने नाव काढले, एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला पाहायला कोण येणार?

मी संपादकांकडे धावलो. त्यांनी खुलासा छापला, म्हैस हरवल्याच्या जाहिरातीखाली, चार ओळी. तो तिघांनी वाचला : मी, मुद्रितशोधक आणि म्हशीचा मालक. मग कमिटीकडे गेलो. मंडळी सज्जन होती. चहा दिला, म्हणाली, "फ्लेक्स छापून झाला, सर. पण पोराला येऊ द्या. मैदानात जोड लावू."

चैत्रात मी गेलो. वही नेली नाही. फ्लेक्सवरचे पैलवान फेटे बांधून बसले होते. हा मातीवर हात वर करून जोड मागत फिरत होता. जोड मिळाली, आणि सलामी झाल्याबरोबर हा तुटून पडला. पट काढला, लपेट मारली, उलटला, पुन्हा घुसला. हलगीवाला वेडा झाला. लोक उभे राहिले. फेटे उडाले. मीही ओरडत होतो. सातव्या मिनिटाला समोरच्याने त्याच्याच वेगाचा फायदा घेऊन ढाक मारली आणि हा अलगद पाठीवर आला. चीतपट. हरलेल्यालाही लोकांनी नोटा दिल्या. जत्रेतली सर्वांत रंगलेली कुस्ती ती होती, यात वाद नाही.

वस्ताद माझ्या शेजारीच होते. ते टाळ्या वाजवीत नव्हते.

"असा कधी खेळत नाय तो," ते म्हणाले. "आज तुमच्यासाठी खेळला, मास्तर."

तेवढ्यात पोरगा समोर आला. धापा टाकीत होता, हसत होता. पाठ मातीने भरली होती.

"सर," तो म्हणाला, "आज आली बघा एस.टी."

मला हसता आले नाही. त्याच्या पाठीवरची माती झटकायला मी हात पुढे केला, तो वस्तादांनी धरला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ती त्याची त्याला झटकू द्या."

तारे देणे मी तेव्हापासून सोडले. उत्तरपत्रिका सोडता येत नाहीत, कारण पोट त्यांच्यावर आहे. पस्तिसाच्या काठावरचा पेपर आला की मी आता थोडा थांबतो. त्यावर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. लिहिणारा कोणाचे वजन मानेवर घेऊन तीन तास बसला होता, हे कागदावर दिसत नाही. म्हणून गुण वाढवतो असे नाही. पण 'भाषा चांगली' हा शेरा मात्र मी कायमचा बंद केला आहे.