जिल्हा भीर, तालुका मोमिनाबाद

जुन्या कागदांत अंबाजोगाईचा पत्ता असा सापडतो: तालुका मोमिनाबाद, जिल्हा भीर (आजचा बीड), सुभा औरंगाबाद. हैदराबाद संस्थानातला हा जिल्हा एका दिवसात गेला नाही. 17 सप्टेंबर 1948ला निजामाची सत्ता गेली, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या आणि 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाडा मुंबई राज्यात आला.

निजामाचा दिवाण सालारजंग याने 1865मध्ये जिल्हाबंदी केली, तेव्हा जिल्ह्यावर अव्वल तालुकदार बसला. रयत मराठी, पटवाऱ्याची वही मोडीत आणि वरच्या कचेरीचा हुकूम आधी फारसीत, मग उर्दूत. साल फसली, महिने आजूर, दै, बहमन. रुपया हाली, सात हाली मोजले की सहा इंग्रजी कलदार मिळत. आष्टीच्या शेतकऱ्याला माल घेऊन इंग्रजी मुलखातल्या नगरकडे जायचं तर वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका.

त्या सत्तेसाठी रडावं असं काही नाही. गश्ती निशाण 53 या सरकारी परिपत्रकामुळे साध्या सभेलाही परवानगी लागे. स्वामी रामानंद तीर्थ याच मोमिनाबादेत शाळा चालवत होते आणि इथूनच ते निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. तो लढा न्यायाचा होता.

माझं दुःख निराळं आहे. सत्तेबरोबर तिचं दफ्तर वाचणारी माणसंही गेली. मोडीतली नोंद वाचून उर्दूत शेरा लिहिणारा आणि पक्षकाराला मराठीत समजावून सांगणारा कारकून ही या मातीची कमाई होती. ती आपण पुढच्या पिढीकडे दिली नाही. असं दुसरीकडेही दिसतं. पोलंडमधला बिडगोश्च 1815पासून 1920पर्यंत ब्रॉम्बर्ग या प्रशियन जिल्ह्याचं ठाणं होता. तिथे आजही घराण्याचा शोध घेताना जर्मन दफ्तर वाचावं लागतं. आपली गतही तीच. 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या कागदांना आपण रद्दी समजत होतो, त्यांच्यावर घराघरातल्या मुलांचे जातीचे दाखले अडले होते.

पटवारी सगळेच भले नव्हते. काहींनी गरिबाची जमीन खाल्ली, हेही त्याच वह्यांत आहे. पण ज्यांनी शेताची बांधबंदिस्ती, विहीर, आंब्याचं झाड, कुळाचं नाव इमानाने उतरवून ठेवलं, त्यांचे उपकार मोठे आहेत. बीडच्या आणि अंबाजोगाईच्या महाविद्यालयांत मोडी आणि जुनी कचेरीची उर्दू एकत्र शिकवली, तर त्या कारकुनांचं ऋण थोडंतरी फिटेल.