पुरलेला पैसा

कापणीच्या सणाला आमच्या वाशीमच्या चर्चमध्ये पुढची जागा नुसती भरून जाते. सोयाबीन, तुरीच्या शेंगा, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेला गावरान कोंबडा (हा नेमका प्रार्थनेतच आरवतो) आणि कुणाच्या तरी वावरातलं भलंमोठं कोहळं. उपासना संपली की लिलाव. चाळीस रुपयांचं कोहळं चारशेला जातं आणि घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर जमीन जिंकल्याचा आनंद असतो.

अशाच एका सणाला पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला दाखला घेतला होता. धनी परदेशी जाताना तिघा चाकरांकडे पैसा सोपवून जातो. दोघं तो धंद्यात घालतात, दुप्पट करतात. तिसरा भितो. खड्डा खणून पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जसाच्या तसा आणून देतो. शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं असावं; मिळाल्या शिव्या. माझ्या शेजारची म्हातारी पदराआडून पुटपुटली, "पैसा का तुरीचं बी हाये, पुरला त उगवन?"

लहानपणी मला त्या तिसऱ्याची दया यायची. बिचाऱ्यानं ना उडवले, ना खाल्ले. पुढं कळलं, मूळ गोष्टीतलं माप आहे तालांत, आणि एक तालांत म्हणजे मजुराची सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. वीसेक वर्षांची कमाई झाली ती! म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी मिळालं, त्यालाही काही थोडंथोडकं मिळालं नव्हतं. आज ज्याला त्याला चिकटवतात तो 'टॅलेंट' शब्द याच दाखल्यातून निघाला. तेव्हापासून माझी दया आटली. "आपण बरं, आपलं काम बरं" म्हणत निम्मं आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला तर तो चाकर जरा जास्तच ओळखीचा वाटतो. भीतीला नम्रतेचं धुतलेलं धोतर नेसवलं की ती चारचौघांत शोभून दिसते.

याच गावात एका बाईनं मात्र काही पुरून ठेवलं नाही. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 मध्ये अमेरिकेतून भारतात आल्या. त्या काळी इंग्रजी कागदोपत्री आपल्या गावाचं नाव 'बासिम'. 1938 मध्ये नाझरीन मिशनचा दवाखाना इथं उभा राहिला, तोही एका जुन्या शाळेच्या इमारतीत. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे त्याचं पाटीवरचं नाव. लोकांच्या तोंडी मिशन दवाखाना. डॉक्टरबाई शस्त्रक्रिया करत, आणि नव्या खोल्यांचं बांधकामही स्वतः बघत. सकाळी टाके, दुपारी विटा. पुढं तिथं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. ज्या घरांत पोरीचं शिक्षण म्हणजे लग्नापर्यंतचा विरंगुळा होता, त्या घरांत नर्स झालेली पोरगी पगार आणू लागली. दवाखाना वाढावा, अजून एक वॉर्ड व्हावा, अजून एक तुकडी शिकावी, ही हावच की. अशी हाव देवाला चालत असावी, असं माझं मत आहे.

हल्ली दुसरंही ऐकू येतं. मांडव घालून, कर्णे लावून सांगतात की विश्वास ठेवा, गाडी येईल, बंगला येईल. मला ते पटत नाही. ज्याच्या नावानं हे सांगतात तो नासरेथचा सुतार होता. रंधा, लाकूड आणि गिऱ्हाईकाची घासाघीस त्याला ठाऊक असणारच. पौल तर प्रेषित झाल्यावरही करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. मागितलं की मिळतं, हे खरं असेलही. पण सोयाबीन काही मागून काढणीला येत नाही. त्याला निंदण लागतं, फवारा लागतो आणि ऐन काढणीत पावसानं उघडीप द्यावी लागते. प्रार्थनेची खरी जागा ही तिसरी. पहिल्या दोन आपल्या.

त्या म्हातारीनं त्या वर्षी कोंबड्यावर बोली लावली होती. साडेतीनशेपर्यंत चढली, मग एका सिस्टरनं पाचशे म्हटलं आणि म्हातारी हसून खाली बसली.

पुढच्या सणाला तुम्हीही या. ख्रिस्तीच असलं पाहिजे असं काही नाही. खिशात सुटे आणा, बोली मोठ्यानं बोला. कोहळ्यावर मात्र हात ठेवू नका, यंदा ते मी घेणार आहे.