अंदाजाला गुण देताना

हवामानाच्या अंदाजांचा पडताळा कसा घ्यायचा, हे मी शिकवतो. समोर हवामानशास्त्राचे विद्यार्थी असतात, कृषी विद्यापीठातली मंडळी असतात, एखादा धरणावरचा अभियंता असतो. पहिल्या दिवशी मी कुणालाच लॅपटॉप उघडू देत नाही. फळ्यावर चार चौकटी काढतो आणि त्यात १८८४ सालचे चार आकडे भरतो : २८, ७२, २३, २६८०.

जॉन फिन्ले हा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधला सार्जंट. टॉर्नेडोचे अंदाज देऊन बघायचे त्याने मनावर घेतले. १०० वेळा त्याने ‘होणार’ म्हटले, त्यातले २८ खरे ठरले. २३ टॉर्नेडो न सांगता आले. उरलेल्या २६८० वेळा तो ‘नाही’ म्हणाला आणि काही झाले नाही. एकूण २८०३ अंदाजांपैकी २७०८ बरोबर, म्हणजे ९६.६ टक्के. वर्गात माना डोलतात. मग मी विचारतो, याने प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘नाही’ म्हटले असते तर? कुणीतरी मोबाइलवर भागाकार करते : ९८.२ टक्के. वर्ग हसतो.

त्या वेळी फिन्लेच्या आकड्यांवर जे तुटून पडले, त्यांतला गिल्बर्ट भूगर्भशास्त्रज्ञ होता आणि पर्स तत्त्वज्ञ. हवामानाचा धंदा दोघांचाही नव्हे, याची मला अजून गंमत वाटते. गिल्बर्टच्या पद्धतीने ते २६८० सोपे ‘नाही’ बाजूला ठेवले, की फिन्लेला मिळतात १२३ पैकी २८, म्हणजे ०.२३. पर्सच्या पद्धतीने आलेल्या टॉर्नेडोंपैकी किती पकडले, यातून न आलेल्या वेळी किती खोटी हाकाटी केली ते वजा करायचे, उत्तर ०.५२. आकडे तेच चार, गणित तिन्हीकडे बिनचूक, आणि माणूस एकदा हुशार, एकदा सुमार, एकदा बरा.

पर्सच्या गुणांना शून्याखालीही जागा आहे. ‘वेधशाळेने पाऊस सांगितला ना, मग छत्री घरी ठेवा’ हा विनोद ऐकवणाऱ्याला मी तिथे बोट ठेवून दाखवतो. अंदाज खरोखरच दर वेळी उलटा निघत असेल, तर गुण उणे एक. आणि असा अंदाज सोन्यासारखा, उलटा वाचला की झाले. खरा कुचकामी अंदाज शून्यापाशी असतो. त्यावर मात्र कुणी विनोद करत नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडतात. आम्ही वापरतो ते ‘मेट’ हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या बोल्डर इथे तयार होते, फुकट मिळते आणि त्यातले प्रत्येक सूत्र उघडून वाचता येते. मला यातला फुकटपणा दुय्यम वाटतो. गुण कसे दिले हे अंदाज देणाऱ्यालाही तपासता यायला हवे, नाहीतर भांडण मिटत नाही. म्हणून फिन्लेचे आकडे आधी हाताने सोडवायचे, मग सॉफ्टवेअरला द्यायचे, आणि दोन्ही उत्तरे जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही.

खरा वेळ जातो तो अंदाज आणि निरीक्षणे यांच्या जुळवाजुळवीत. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ; मॉडेलचा दिवस बहुधा ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. तेव्हा मॉडेलच्या सत्ताविसाव्या तासापर्यंतच्या पावसातून पहिल्या तीन तासांचा वजा करायचा. शिवाय साडेआठला मोजलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेवर पडतो. सांताक्रूझचे २००५ मधले ९४४ मिलिमीटर लोकांच्या डोक्यात २६ जुलै म्हणून बसले आहेत. नोंदवहीत ते २७ तारखेच्या सकाळी सापडतात. तारीख चुकली की चांगले मॉडेलही नापास होते, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर झाला होता. समजा, एखाद्या मॉडेलने सांताक्रूझचा सगळा पाऊस वीस किलोमीटर सरकवून समुद्रात पाडला असता. नकाशावरच्या चौकटीला चौकट लावून तपासले, तर त्याला दुहेरी दंड : सांताक्रूझचा हुकला आणि समुद्रावर खोटा पाडला. पाऊसच न सांगणारे मॉडेल एकाच दंडावर सुटते! म्हणून हल्ली एका चौकटीऐवजी आजूबाजूचा टापू धरतात आणि त्यातल्या किती भागात जोरदार पाऊस होता, एवढेच ताडून बघतात. टापू मोठा केला की गुण सहसा वाढतात, आणि इथेच मोह सुरू होतो. किती मोठा धरायचा? एका वॉर्डातले पंप लावणाऱ्याला वीस किलोमीटरची चूक चालत नाही. जिल्ह्यातल्या शाळा बंद ठेवायच्या की नाही, हे ठरवणाऱ्याला चालू शकते. हे उत्तर आकड्यांकडून येत नाही, अंदाज वापरणाऱ्याकडून येते. म्हणून ते आधी विचारायचे.

मर्यादेचेही तसेच. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, आणि मग पंचनामे. ६० आणि ७० मधला फरक शास्त्रज्ञाला किरकोळ, शेतकऱ्याला नाही. सरासरी चूक काढून समाधान मानणाऱ्या अहवालांचा मला म्हणूनच राग येतो. आणि कोरी नोंद म्हणजे शून्य नव्हे, हे कितीदाही सांगितले तरी कमीच. ज्या रात्री ओढ्याला पूर आला, तिच्या दुसऱ्या सकाळी पर्जन्यमापकापर्यंत कुणी पोहोचलेले नसते. पोकळ्या नेमक्या मोठ्या पावसाच्या दिवशी असतात. त्या शून्याने भरल्या की खरा इशारा खोटी हाकाटी ठरतो.

तेव्हा माझा एक नियम आहे. मर्यादा, टापू, तास हे सगळे कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचे, ती फाइल तारखेसह जमा करायची, मगच मी निरीक्षणांची फाइल देतो. शेवटच्या दिवशी कुणीतरी येतेच : ‘सर, ६५ ऐवजी ५० धरू का? गुण फार कमी येताहेत.’ जरूर धरा, मी म्हणतो. पण अहवालात दोन्ही निकाल छापा, आणि दुसरा केव्हा काढला तेही लिहा.