शिल्लक

दुखण्यांतही सोवळे-ओवळे असते. हृदयविकार झालेला मनुष्य देवळाच्या सभामंडपात बसून आपल्या छातीतल्या कळीचे वर्णन चारचौघांना ऐकवू शकतो आणि ऐकणारेही आदराने मान हलवतात. गुडघेदुखी तर आमच्या वयाच्या मंडळींच्या संभाषणाचे भांडवलच होय. मूत्राशयाच्या विकाराला मात्र या पंक्तीत पाट मिळत नाही. त्याचा उल्लेख निघाला की आवाज खाली येतो, शब्द सापडत नाहीत, आणि अखेर ‘हल्ली प्रकृती ठीक नसते’ या मोघम वाक्यावर वेळ निभावून न्यावी लागते. वास्तविक चरकाने शरीरातील 107 मर्मांपैकी हृदय, मस्तक आणि बस्ती या तिघांना श्रेष्ठ मानले आहे. पहिल्या दोघांचा मान आपण राखला. तिसऱ्याला परसदारी नेऊन ठेवले.

गेल्या महिन्यात एके पहाटे मला लघवीचा रंग तांबूस दिसला. वेदना मुळीच नव्हती. डॉक्टरांनी प्रथम तंबाखूविषयी विचारले, कारण या अवयवाच्या कर्करोगाचे ते सर्वांत मोठे कारण. मग त्यांनी शांतपणे समजावले की मुतखडा, जंतुसंसर्ग, उतारवयात वाढणारी प्रोस्टेट ग्रंथी अशी निमित्ते पुष्कळ असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत काही भयंकर निघत नाही. तथापि साठी उलटलेल्या मनुष्याला वेदनेवाचून रक्त दिसले, तर आत डोकावून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. तो एक शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. माझ्या कानांत तो दिवसभर पुन्हा पुन्हा उच्चारला जाऊ लागला. लघवीतील जंतूंच्या तपासणीचा निकाल तीन दिवसांनी मिळणार होता, सोनोग्राफी त्याच आठवड्यात, आणि दुर्बिणीची तपासणी बाराव्या दिवशी.

बारा दिवस म्हणजे काही युग नव्हे. पण या दुखण्याची एक खोड अशी की चिंता आणि व्याधी दोघी एकाच दारातून ये-जा करतात. मन धास्तावले की मूत्राशयही धास्तावते. अर्ध्या तासाने पुन्हा उठावे लागते. उठावे लागले म्हणून मन म्हणते, पाहा, विकार बळावला. आणि या विचारानेच पुढचा अर्धा तास पंधरा मिनिटांवर येतो. यातले आजाराचे किती आणि भयाचे किती, याचा निवाडा कोणी करावा? रात्री तर हा गोंधळ फारच वाढतो. दिवसा जो शब्द डॉक्टरांचा असतो, तो रात्री दोन वाजता आपल्या स्वतःच्या आवाजात ऐकू येतो.

या गोंधळात मला आधार दिला तो एका वहीने. डॉक्टरांनी सांगितले होते की तीन दिवस किती पाणी प्यालात आणि किती वेळा, किती लघवी झाली, हे मोजून लिहून ठेवा. मी बरीच वर्षे एका देवस्थानचा जमाखर्च लिहिला आहे. त्यामुळे डाव्या बाजूस जमा आणि उजव्या बाजूस खर्च अशा रेघा हाताने आपोआपच ओढल्या. पहाटे 4-10, 120 मिलिलिटर. सकाळी 6-30, 180. मापाचे भांडे न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवलेले पाहून पत्नी पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर पांढऱ्या रंगाने खूण केली, स्वयंपाकघरात चुकून जाऊ नये म्हणून. निरोगी मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर सहज मावतात, हे तेव्हा मला प्रथम कळले. सोनोग्राफीत, लघवी करून आल्यानंतरही आत 85 मिलिलिटर उरल्याचे निघाले. कागदावर ती शिल्लक पाहून मला विलक्षण बरे वाटले. शिल्लक काढता येते, म्हणजे वही अजून हातची गेलेली नाही.

सुश्रुताने बस्तीला भोपळ्याची उपमा दिली आहे, आणि ती कशी भरते हे सांगताना तोंडापर्यंत पाण्यात बुडवलेल्या नव्या मातीच्या घटाचा दाखला दिला आहे. घट जसा सर्व बाजूंनी पाझरून भरतो तशी. आजच्या शारीरशास्त्राप्रमाणे मूत्रपिंडांकडून दोन नळ्या येतात आणि तेवढ्याच वाटांनी ती भरते. तरी त्या घटाची प्रतिमा मला त्या रात्रींत फार जवळची वाटली. भयही असेच कुठूनसे चहूबाजूंनी झिरपत होते.

आमच्याकडे अवघड प्रसंगी देवाला कौल लावण्याची चाल आहे. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावाव्यात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मीही एका सकाळी देवळात गेलो. भटजींचे नि माझे जुने नाते. गाऱ्हाणे कसे घालायचे ते त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘‘तपासणीत काय निघेल, ते देवाला विचारा.’’ त्यांनी पाकळ्यांचे तबक खाली ठेवले. म्हणाले, ‘‘तपासणी करावी की करू नये, एवढे विचारतो. निघायचे ते आत आहेच. ते पाकळी कशी बदलणार?’’ मग थोडे थांबून, ‘‘आणि करायची तर तुमचे ठरलेच आहे ना?’’ ठरलेच होते. कौल लावलाच नाही. निघताना त्यांनी हातावर तीर्थ घातले आणि कोकणीत म्हणाले, ‘‘सगळें बरें जातलें.’’ हेच वाक्य नातेवाइकांकडून ऐकले की मला राग येत असे. त्या दिवशी आला नाही.

त्याच भेटीत कळले की पालखीच्या दिवशी सकाळपासून पाणी तोडणारे आमच्यात पुष्कळ आहेत. प्रदक्षिणेत मध्येच उठावे लागू नये, सोवळे मोडू नये, हा हेतू. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. पाणी कमी केले की लघवी दाट होते, मूत्राशय अधिकच चिडते आणि जंतूंना वाव मिळतो. कमी करायचे असेल तर चहा-कॉफी करा, म्हणाले. हे येथे मुद्दाम लिहितो, कारण सभामंडपात हे कोणी कोणाला सांगत नाही.

दुर्बिणीविषयीही मी वाचले. 1877 साली माक्स निट्झे नावाच्या जर्मन वैद्याने तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेच्या उजेडात मूत्राशयाचा अंतर्भाग पाहण्याचे यंत्र दाखवले. तार थंड ठेवण्यासाठी भोवती पाणी खेळवावे लागे. आजची नळी बारीक आणि लवचिक असते, बधिर करणारा मलम घालतात, आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत काम आटोपते. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते. ती तार वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला, हे खरे.

तपासणी परवा आहे. तीन दिवसांची बेरीज पूर्ण झाली असून वही पिशवीत ठेवली आहे. तिच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहिले आहेत. काही संशयास्पद दिसले तर तुकडा त्याच वेळी घेणार का? त्याचा अहवाल किती दिवसांनी मिळेल? आणि तिसरा, पत्नीने सांगून लिहवलेला: सोमवारच्या पालखीला चालले तर चालेल का?