सहाव्या गोळीनंतर

माझ्या आजोबांनी ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत असताना घेतलेले बत्तीस बोअरचे वेब्ले रिव्हॉल्व्हर आमच्या घरात आता तिसऱ्या पिढीच्या नावावर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरकडच्या अनेक नोकरदार कुटुंबांप्रमाणे आमचेही बिऱ्हाड इकडे हलले. त्या सामानात देव्हारा होता, पितळी हंडे होते आणि ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले हे शस्त्र होते. त्यातून आजवर कोणावरही गोळी सुटलेली नाही. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागते, निवडणुकीच्या दिवसांत ते ठाण्यात जमा होते आणि मुदत संपत आली की परवान्याची वही घेऊन मी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढतो. एवढाच त्याचा संसार.

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या सुट्टीवर आला. मार्च २०२३ मध्ये भोपाळला नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हापासून त्याला या विषयाने झपाटले आहे. खुर्ची जवळ ओढून तो म्हणाला, "काका, आजोबांचं रिव्हॉल्व्हर जरा सुधारून घेऊ या. सिलेंडरची मागची बाजू लेथवर किंचित उतरवायची. मग सहा गोळ्या एका चकतीत बसवून एकदम भरता येतील. एकेक गोळी घालत बसायला नको." गोविंदपुऱ्यात त्याच्या एका मित्राचे वर्कशॉप आहे, हेही त्याने सांगून टाकले.

त्याचे म्हणणे वेडगळ नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रिव्हॉल्व्हरचा सारा इतिहास सहाव्या आणि सातव्या गोळीमधला वेळ कमी करण्याचाच आहे. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जी कोल्ट आणि अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हरे होती, त्यांच्या प्रत्येक खणात दारू घालायची, वर गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची, आणि हे पाच-सहा वेळा करायचे. ऐन गर्दीत ते होणे नाही. म्हणून भरलेली गोळ्याबार संपली की हात तलवारीकडेच जाई. पुढे धातूची काडतुसे आली. अमेरिकेतल्या स्मिथ आणि वेसन कंपनीने १८७० मध्ये मधोमध मोडणारे रिव्हॉल्व्हर काढले. नळी खाली झुकवली की आतला तारा वर येतो आणि रिकामी टरफले एकाच वेळी बाहेर टाकतो. आमच्या वेब्लेची घडण याच कुळातली.

काढणे सोपे झाले, भरणे मात्र एकेकच राहिले. त्यावर तोड काढली ती इंग्लंडातल्या प्रिडो नावाच्या एका दंतवैद्याने. वेब्लेत सहा काडतुसे एकाच दाबात बसवणाऱ्या साधनाचे पेटंट त्याने १८९३ मध्ये घेतले आणि पहिल्या महायुद्धात काही अधिकारी ते खिशात बाळगत. जन्मभर एकेक दात उपटणाऱ्या माणसाला सहाचा घास एकदम भरवण्याची कल्पना सुचावी, याची मला गंमत वाटते. पुतण्या म्हणत होता त्या चकतीचा अर्धा अवतार १९१७ चा. अमेरिकन सैन्याला पिस्तुले कमी पडली, तेव्हा पिस्तुलाची बिनकडेची काडतुसे रिव्हॉल्व्हरमध्ये वापरावी लागली. ती ताऱ्यात अडकेनात, म्हणून तीन-तीन काडतुसे धरणारी अर्धचंद्राकृती पट्टी करण्यात आली. म्हणजे पट्टी केली टरफले निघावीत म्हणून, आणि भरण्याचा वेग पदरात पडला तो वरकड. त्याच वरकडीवर १९९९ मध्ये जेरी मिक्युलेक या नेमबाजाने सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या त्या २.९९ सेकंदांत! पुतण्याने मला ती चित्रफीत दोनदा दाखवली. मला एकदाही नीट दिसले नाही.

मी त्याला आधी कायदा सांगितला. नोकरीतली दोन वर्षे मी एका जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत काढली आहेत, त्यामुळे तो तोंडपाठ आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात शस्त्र बनवण्या-विकण्याइतकेच त्यात फेरफार करणे आणि त्याची दुरुस्ती करणेही परवान्याखाली आणले आहे. मित्राचा लेथ त्यात बसत नाही. पण तरुणांना कलमे सांगून पटत नाही, म्हणून त्याला घेऊन शहरातल्या एका जुन्या परवानाधारक कारागिराकडे गेलो. त्यांनी वेब्ले मोडून डोळ्याशी धरले, सिलेंडर बोटाने फिरवला, मागच्या पोलादावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मियाँ, इसे रेती मत लगवाना। जो लोहा गया, वो गया।" काडतुसाच्या मागे त्याला टेकायला जेवढे पोलाद हवे तेवढेच घडवणाऱ्याने ठेवलेले असते. ते कमी केले की गोळी कधी सुटणार नाही, कधी टरफल फुगून सिलेंडर अडेल. शिवाय बर्मिंगहॅमला पारख होऊन जे छाप उठले, ते उतरवलेल्या पोलादाची हमी देत नाहीत. पुतण्या गप्प झाला. मनातून मात्र उतरला नव्हता, हे मला परतताना दिसत होते.

त्या रात्री गच्चीवर मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी तोवर घरात कोणालाच सांगितली नव्हती.

१९९२ च्या डिसेंबरात भोपाळ पेटले होते. संचारबंदी होती, कचेऱ्या बंद होत्या. शहराच्या जुन्या भागात आमचे भाड्याचे घर होते. तिसऱ्या रात्री दूरवर आरडाओरडा ऐकू आला आणि थोड्या वेळाने मागच्या बोळात पावले वाजली. वडील दम्याने निजलेले. मी ट्रंक उघडली. परवाना वडिलांच्या नावे, मी सरकारी नोकर, त्या शस्त्राला हात लावणेही मला मना होते. ते सारे त्या क्षणी आठवले नाही. काडतुसे वडील देव्हाऱ्याखालच्या खणात वेगळी ठेवत. ती आणली. अंधारात नळी झुकवली आणि एकेक घालू लागलो. तीन बसली. चौथे हातातून सुटले. मिटवले, पण खटका नीट बसला की नाही कळेना, म्हणून पुन्हा घाईने उघडले. ताऱ्याने आपले काम चोख केले. घातलेली काडतुसे उचलली गेली आणि त्यांतली दोन फरशीवर घरंगळली. मी गुडघ्यांवर बसून ती चाचपडत असताना दाराची कडी वाजली.

आईने आवाज ओळखला आणि माझ्या आधी दार उघडले. मागच्या गल्लीतल्या खाँसाहेबांचा थोरला मुलगा होता. सकाळी भिंतीपलीकडून वडिलांनी गोळ्या संपत आल्याचे सांगितले होते, हे मला ठाऊक नव्हते. त्याच्या आजीलाही दमा होता. तिच्या पट्टीतल्या निम्म्या गोळ्या तो कागदात बांधून घेऊन आला होता. संचारबंदीत, त्या बोळातून. "अम्मी ने कहा, अभी दे आओ," एवढे बोलून तो गेला. मी अंधारात बसून होतो. माझ्या हातात काय होते ते त्याला दिसले नाही असे मी आजवर समजत आलो आहे.

पुतण्याने सारे ऐकून घेतले. बराच वेळाने तो म्हणाला, "आणि काका, दारात दुसरं कोणी असतं तर?"

हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. त्या आठवड्यात याच शहरात अनेकांच्या दारात दुसरेच कोणी आले होते. त्यांच्यापुढे ही गोष्ट सांगायची माझी छाती नाही. मी त्याला उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच तेलाची बाटली आणि फडके मागितले. नळी आणि सिलेंडरचे सहाही खण त्याने निगुतीने पुसले. मग वेब्ले ट्रंकेत ठेवले आणि काडतुसांची पेटी हातात घेऊन विचारले, "ही कुठे ठेवतोस?"

मी देव्हाऱ्याखालचा खण दाखवला.