खाणीत वसलेलं गाव

नाम्पुला

ती. आत्या,


मोझांबिक बेट पाहून आले. या देशाला ज्याच्यावरून नाव मिळालं, ते हे बेट: लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी अर्धा. समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून एका वेळी एकच गाडी जाते. समोरून कोणी आलं की मधल्या रुंद जागी थांबून राहायचं.

तुलाच हे लिहावंसं वाटलं, कारण 1752पर्यंत इथला कारभार गोव्याहून चालायचा. इथला कप्तान गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखालचा. तू इतकी वर्षं पोरांना पोर्तुगीज गोवा शिकवलास, पण आमच्या पुस्तकांत गोव्याची ही समुद्रापलीकडची बाजू कधी आलीच नाही. लिस्बनहून निघालेली जहाजं इथे थांबून वाऱ्याची वाट बघायची. 1541च्या हिवाळ्यात फ्रान्सिस झेवियर गोव्याला येताना इथेच अडकून पडले होते. कवी कामोंइश गोव्याहून परतताना पैशांवाचून इथे रखडला, मित्रांच्या जिवावर जगत होता, हे लिहून ठेवलं दियोगु दु कोतो यांनी. पुढे गोव्याचा दफ्तरखाना सांभाळणारे तेच. राजवाड्याच्या संग्रहालयात भारतातून आलेलं कोरीव लाकडी सामान आहे, ते मी बराच वेळ न्याहाळत उभी होते.

उत्तर टोकाला सां सेबास्तियांवचा किल्ला. बांधकाम 1558 साली सुरू झालं. 1607 आणि 1608 असं लागोपाठ दोनदा डचांनी वेढा घातला, किल्ला पडला नाही. बेटावर गोडं पाणी नव्हतं, म्हणून गच्च्यांवर पडणारा पाऊस पन्हळींतून तळघरातल्या टाक्यांत उतरवलेला. तटापलीकडे 1522 सालचं छोटं चॅपेल आहे, कमानदार छताचं. उत्तरेकडचे वाडे, गोदामं, चर्च सगळं दगडी, वर चुन्याचा गिलावा. उतरत्या उन्हात फार देखणं दिसतं.

पण आत्या, मला खरं सांगायचंय ते दक्षिणेकडचं. उत्तरेकडच्या वाड्यांसाठी प्रवाळाचा दगड दक्षिणेतून काढला. शतकानुशतकं काढत राहिले, आणि जे खड्डे पडले त्यांतच काम करणाऱ्यांनी घरं बांधली. झावळ्यांनी शाकारलेली, चिखलमातीच्या भिंतींची. बेटावरची बहुतेक माणसं आजही तिथेच दाटीवाटीने राहतात. रस्त्यावर उभं राहिलं की कित्येक छपरं डोळ्यांच्या रेषेत येतात. घरात जायला खाली उतरावं लागतं. आणि पाऊस पडला की पाणी कुठे जाणार? खालीच. याच बेटावरून हजारो माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली, हिंद महासागरातल्या फ्रेंच बेटांवर, ब्राझीलला, आपल्या गोव्या-दमण-दीवलासुद्धा. त्यांच्या आठवणीसाठी इथे एक बाग राखली आहे. व्यापारात दीवचे वाणीही होते. कापड तिकडून यायचं, हस्तिदंत इकडून जायचं. त्या नफ्यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे, हे मला तिथे उभं राहून फार लागलं.

दारात बायका तोंडाला मुसिरोचा पांढरा लेप लावून बसल्या होत्या. खोडाचा तुकडा दगडावर पाण्यात उगाळायचा आणि बोटांनी फासायचा. एकीने मला उगाळून दाखवला, हसत हसत गालाला लावूनही दिला.

1991मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली ती अख्ख्या बेटाची, नुसत्या वाड्यांची नव्हे. तरी पाहुण्यांना नेतात ते राजवाडा आणि किल्ल्याकडेच. मला हे पटत नाही. ज्या खड्ड्यातून शहर उभं राहिलं, तो आधी दाखवायला हवा, आणि डागडुजीचा पहिला पैसाही तिथल्या गटारांवरच खर्च व्हायला हवा.

तू जूनमध्ये ये. तेव्हा पाऊस नसतो, उकाडाही कमी असतो. आपण आधी दक्षिणेकडची वस्ती बघू, किल्ला नंतर.

तुझी,
मीरा