साथसंगत

आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात आम्ही ३५ वर्षे गायलो. गिटार मात्र कधी हाती धरली नाही. ती बाजू आमची पत्नी सांभाळीत असे. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, मिस्सेत लोकभाषेला स्थान मिळाले आणि पुढे यथावकाश गावोगावच्या चर्चमध्ये गिटारही आली. तिच्यावर पत्नीची बोटे फिरत आणि आम्ही निर्धास्त गात असू. गेल्या वर्षी उपवासकाळात प्रभूने तिला बोलावून घेतले. गिटार भिंतीवर टांगलेली राहिली.

नाताळ जवळ आला तेव्हा नातीने विचारले, “आजोबा, या वर्षी गोठ्यापुढे आजीचं गाणं कोण वाजवणार?” घरी गोठा मांडून झाला की आम्ही उभयता ‘सायलेंट नाइट’ म्हणत असू. आम्ही वाजवू, असे सांगून मोकळे झालो आणि वयाच्या ६७ व्या वर्षी गिटार खाली उतरवली. वसईच्या दमट हवेने तारा गंजल्या होत्या. त्या नव्या घातल्या.

काही आठवड्यांत बोटांच्या टोकांना घट्टे पडले, तीन कॉर्ड जमल्या. गाणे तर मुखोद्गत. आता कठीण ते काय, असे वाटून तोंड उघडले मात्र, हात थबकला. हाताकडे पाहावे तर शब्द निसटत. शब्द धरावेत तर हात गळ्यामागे धावे आणि लांबलेल्या अक्षरापाशी तोही रेंगाळे.

गायनवृंदातील एका तरुणाने उलगडा केला. “काका, लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर नीट टिकतं. हाताला इतकी सवय लावा, की त्याच्याकडे बघावं लागू नये.” त्याने क्रम घालून दिला. प्रथम नुसता हात : सहा मात्रांचा ठेका, पहिल्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, उरलेल्या मात्रांना बोटांनी बारीक तारा, तेही अगदी संथ. वाजवता वाजवता घरच्यांशी बाजारहाटाचे बोलता आले, तरच ही पायरी संपली. मग चालीशिवाय शब्द ठेक्यात बोलायचे. ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते, त्यावर कागदावर खूण करायची. नंतर नुसते गुणगुणायचे. शेवटी गायचे, एकेक ओळ. “आणि चुकलात तर गळा थांबू द्या, हात नाही.”

हे शेवटचे वाक्य ऐकताच आम्ही गप्प झालो. ३५ वर्षांत आमची ओळ कितीदा चुकली असेल! दरवेळी तिचा हात ठेका धरून चालत राहिला, आम्ही परत येईपर्यंत. गाणे आमच्या गळ्यावर चालते, असे आम्ही समजत होतो.

हे गीत प्रथम गायले गेले ते २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी. शब्द सहायक धर्मगुरू योसेफ मोर यांचे, चाल शाळाशिक्षक फ्रांझ ग्रूबर यांची. त्या रात्री मोर यांनी गाता गाता स्वतःच गिटार वाजवली आणि ग्रूबर यांनी खालच्या आवाजात साथ केली. एकाच माणसाने गाऊन वाजवलेले हे गीत आम्ही आयुष्यभर दोघांत वाटून घेतले होते. आता दोन्ही वाटे आमच्याकडे आले होते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यापुढे सारे जमले. पहिले कडवे सुखरूप पार पडले. दुसऱ्यात आवाज भरून आला आणि शब्द हरवले. हात मात्र चालत राहिला. नातीने आमच्याकडे एकवार पाहिले व ओळ पुढे नेली. दोन ओळींनंतर आम्हीही तिला जाऊन मिळालो.